भिंतीकडची जागा

खराडीच्या आयटी पार्कमागे एका सोसायटीच्या तळमजल्यावर ‘तोनारी’ नावाचं छोटंसं जपानी हॉटेल आहे. तोनारी म्हणजे शेजार. एका बाजूला इस्त्रीवाला, दुसऱ्या बाजूला मेडिकलचं दुकान, आणि मध्ये हा लाल कागदी कंदील आणि दारावरचा निळा आखूड पडदा. आत शिरलं की डाव्या हाताला बार, त्याच्यासमोर उंच स्टुलं, आणि उजवीकडे लाकडी ओटा. ओट्यावर बूट काढून चढायचं. तिथे दोन बुटकी टेबलं आहेत आणि टेबलाखाली पाय सोडायला खड्डा आहे, म्हणजे मांडी घालायची सवय नसलेल्यांचीही सोय होते. संध्याकाळी आजूबाजूच्या कंपन्यांमधले जपानी साहेब इथे टाय सैल करून बिअर पीत बसलेले असतात.

उत्कर्षा इथे महिन्यातून दोनतीनदा यायची, पण आपणहून कधीच नाही. ती गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत दुभाषी होती. जपानहून पाहुणे आले की त्यांना जेवायला ‘तोनारी’त आणायचं हा तिच्या साहेबांचा, विश्वजीतसरांचा शिरस्ता होता. पाहुणे आले की उत्कर्षा लागायचीच. सगळे जेवायचे आणि ती बोलायची. घरी गेल्यावर ती वरणभात खायची.

त्या शुक्रवारी सर म्हणाले, “मोरितासान आलेत. सात वाजता तोनारी. आणि जरा नीटनेटकी ये, फोटो काढायचेत.”

मोरितासानांना ती ओळखत होती. जपानमधल्या कारखान्यात ते गुणवत्ता विभागाचे प्रमुख होते. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी उत्कर्षा बारा महिने त्या कारखान्यात राहून आली होती, तेव्हा ती त्यांच्याच हाताखाली होती. भला माणूस. नव्या वर्षाला तिला एकटं वाटू नये म्हणून त्यांनी घरी जेवायला बोलावलं होतं.

ती पडदा बाजूला करून आत आली आणि दारातच थबकली. ओट्यावरच्या टेबलाशी तिचा नवरा राजस बसला होता, आणि त्याच्याशेजारी तिच्या सासूबाई. सुशीलाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. उत्कर्षाला वाटलं, घरी काहीतरी झालंय. तेवढ्यात विश्वजीतसर उठून टाळ्या वाजवायला लागले, मग राजस, मग मोरितासान, आणि बारवरच्या दोघातिघांनीही कशासाठी हे न कळता टाळ्या वाजवल्या.

“ये, ये,” सर म्हणाले. “उत्सवमूर्ती आत. तिला भिंतीकडे बसू द्या.”

सुशीलाबाई उठल्या, राजस उठला, आणि उत्कर्षा सरकत सरकत आतल्या टोकाला जाऊन बसली. पाठीशी भिंत, डाव्या हाताला भिंत, उजवीकडे राजस आणि त्याच्यापलीकडे सासूबाई. समोर मोरितासान वाकून हसत होते.

“काय झालंय?” तिने राजसला हळूच विचारलं.

“सर सांगतील.”

सरांनी ग्लास उचलला. “दोन वर्षं. मोरितासानांच्या प्लँटमध्ये आपल्या कंपनीची तिथली माणूस म्हणून उत्कर्षा जाणार. त्यांनी स्वतः तुझं नाव घेतलं. तुला सरप्राइज द्यायचं म्हणून मी मागच्या आठवड्यात राजसशी बोलून घेतलं. तो तर एका पायावर तयार आहे. आता सांग त्यांना, ही बातमी ऐकून तुला फार आनंद झालाय.”

आणि उत्कर्षाने सांगितलं. इतक्या वर्षांची सवय होती. समोरच्याचं वाक्य कानात पडलं की ते दुसऱ्या भाषेत तिच्या तोंडून बाहेर पडायचं, मध्ये ती स्वतः कुठे नसायचीच. मोरितासानांनी मान डोलावली, “कानपाई” म्हणून ग्लास वर केला, आणि सगळ्यांचे ग्लास एकमेकांना लागले. वाक्य बोलून झाल्यावर ते आपल्याबद्दल होतं हे तिच्या ध्यानात आलं.

“बोल की काहीतरी,” राजस म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. त्याच्या स्वतःच्या कंपनीत त्याचं बाहेर जायचं कितीदा ठरलं आणि कितीदा रद्द झालं. त्या वेळी तो दिवसचे दिवस गप्प असायचा. “मी मध्ये मध्ये येईन ना. सुट्टी साठवतो. असा चान्स कोण सोडतं?”

“तू मला विचारलं नाहीस.”

“सरप्राइज होतं, अगं.”

हॉटेलची मालकीण द्वारकाताई स्वतः ताटल्या घेऊन आली. ती लोणी काळभोरची. जपानी इंजिनिअरांच्या गेस्टहाउसवर स्वयंपाक करता करता ती हे सगळं शिकली होती आणि मग तिने हे हॉटेल काढलं. मिठातल्या उकडलेल्या हिरव्या शेंगा, कोळशावर भाजलेल्या चिकनच्या काड्या, आणि सुशीलाबाईंसमोर वेगळी ताटली.

“आज्जी, तुमचं येगळं काढलंय. सूपात मासळी न्हाई.”

सुशीलाबाईंनी एक तुकडा उचलून निरखला. “ही तर लाल भोपळ्याची भजी आहेत.”

“तीच हायेत.”

“बरं झालं. इतक्या लांब येऊन अगदीच अनोळखी काही खावं लागलं नाही.” मग त्या मोरितासानांकडे वळल्या. “उत्कर्षा, त्यांना सांग, आज दुपारीच आमच्या सोसायटीत सगळ्यांना पेढे वाटून झालेत. मागच्या वेळेस गेली होती तेव्हाचा चेरीच्या फुलांखालचा हिचा फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय.”

उत्कर्षाने सांगितलं. मोरितासान खूश झाले आणि भरभरून बोलायला लागले. तिने ते मराठीत सांगितलं, “ते म्हणताहेत, मला नव्या जागेत अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून त्यांनी खटपट करून तीच खोली मिळवलीय. मी त्या वर्षी राहत होते तीच. घरमालकाला आधीच सांगून ठेवलंय.”

“बघ, किती विचार करतात,” राजस म्हणाला.

ती खोली उत्कर्षाच्या डोळ्यांसमोर आली. एका माणसापुरती. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. ती म्हणाली, “मी जरा आलेच.”

मग सासूबाईंना उठावं लागलं, राजसला उठावं लागलं, सरांनी पाय आखडून घेतले, आणि ती सगळ्यांची माफी मागत बाहेर आली. बाथरूमकडे जाताना घालायला तिथे प्लॅस्टिकच्या सपाता ठेवलेल्या असतात, त्या तिने पायांत सरकवल्या. बाथरूममध्ये नळ सोडून ती नुसती उभी राहिली. बाहेर आली तर स्वयंपाकघराच्या दाराशी द्वारकाताई हात पुसत उभी होती. तिच्यामागे मागचं दार उघडं होतं आणि पार्किंगमधल्या स्कूटर दिसत होत्या.

“ताई, तब्येत बरी हाय ना? रंग उतरलाय तुमचा.”

“बरी आहे.”

द्वारकाताईने तिच्याकडे नीट पाहिलं. “या दारानं जायचं आसंल तर जावा. चपला मी आणून देते. म्हणते, उलटी झाली, घरी गेल्या.”

उत्कर्षाला एक क्षण ते खरंच करावंसं वाटलं. मग ती म्हणाली, “मी गेले तर ते एकमेकांशी बोलणार कसे?”

“न्हाई बोलणार. घटकाभर गप बसतील. त्याला काय हुतंय?”

उत्कर्षाला हसू आलं नाही, पण ते वाक्य घेऊनच ती परत ओट्यावर चढली. पुन्हा सगळे उठले, पुन्हा ती सरकत भिंतीपाशी गेली. सर म्हणाले, “आता मोरितासानांना दोन शब्द बोलायचेत. नीट भाषांतर कर, आईंनाही कळू दे.” आणि फोन समोर धरून ते चित्रण करायला लागले.

मोरितासानांनी ग्लास बाजूला ठेवला. ते थांबून थांबून बोलले, तिला सांगायला सवड मिळावी म्हणून.

“ते म्हणताहेत,” उत्कर्षाने सुरुवात केली, “की त्या वर्षी हिवाळा फार कडक होता. पण उत्कर्षासान रोज हसतमुख असायच्या. मी आमच्या माणसांना सांगायचो, बघा, इतक्या लांबून आलेली मुलगी, एक दिवस कुरकुर करत नाही.”

पुढचं वाक्य मोरितासानांनी बोलून संपवलं होतं. यंदा मी निवृत्त होतोय, जाण्याआधी तुम्हाला परत तुमच्या जागी आणतोय याचं मला समाधान आहे, असं ते म्हणाले होते. उत्कर्षाने तोंड उघडलं, पण वाक्य आलं नाही. सगळे वाट बघत राहिले. सर फोनच्या आडून म्हणाले, “हं?”

तिने मोरितासानांकडे पाहिलं आणि जपानीत बोलायला सुरुवात केली.

“मोरितासान, मला माफ करा. त्या हिवाळ्यात मी आनंदात नव्हते. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, तुम्ही तर नाहीच. पण शुक्रवारी संध्याकाळी मी खोलीत शिरले की सोमवारी सकाळपर्यंत त्या गावात माझ्याशी कोणी एक शब्द बोलायचं नाही. दुकानातली बाई पिशवी हवी का म्हणून विचारायची, तेवढं ऐकायला मी दुकानात जायचे. सोमवारी सकाळी तोंडातून जपानी शब्द फुटत नसे, म्हणून मी येताना रस्त्यात मोठ्याने आकडे म्हणायचे. एकदा मी स्टेशनवर उभी राहिले. माझी गाडी आली आणि गेली, पुढची आली आणि गेली. मी गाडीकडे बघत नव्हते, रुळांकडे बघत होते. मी त्या खोलीत परत राहू शकणार नाही.”

ती एका लयीत, खालच्या आवाजात बोलली. ऐकणाऱ्याला वाटलं असतं की आभाराचं भाषण चाललंय. राजस हसऱ्या चेहऱ्याने मान हलवत होता. मोरितासानांचा चेहरा मात्र हळूहळू बदलत गेला. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते मान खाली घालून बसले.

सरांनी फोन खाली घेतला. “काय झालं? काय म्हणालीस तू?”

“काय गं?” राजसनेही विचारलं.

जपानीत सांगणं सोपं गेलं होतं, कारण आपल्या माणसांपैकी कोणाला ते कळत नव्हतं. अजूनही काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. मोरितासान निवृत्त होताहेत म्हणून भरून आलं, असं म्हटलं असतं तर सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. तिने राजसकडे पाहिलं. त्याच्यापलीकडे सासूबाई हातातलं भजं तसंच धरून बघत होत्या.

“मले नाही जायचं,” ती म्हणाली.

पुण्यात आल्यापासून बारा वर्षांत तिने आपली माहेरची, अकोल्याची बोली कोणाच्या कानावर पडू दिली नव्हती. ती आपल्या तोंडून निघाली हे तिला स्वतःलाही नंतर जाणवलं. मग तिने मोरितासानांना सांगितलेलं सगळं मराठीत सांगितलं. दुकानाचं, आकड्यांचं, स्टेशनचं. या वेळी आवाज तसा खालचा राहिला नाही.

“पण आपण रोज व्हिडिओ कॉलवर बोलायचो,” राजस म्हणाला. “रोज. तू हसायचीस.”

“तुझा फोन यायच्या आधी मी दिवा लावायचे. केस विंचरायचे. तू मित्रांना बोलावून म्हणायचास, बघा, बाहेर बर्फ पडतोय, दाखव गं. मी खिडकी उघडून दाखवायचे.”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर काय म्हणाला असतास?”

राजस प्रामाणिकपणे म्हणाला, “म्हटलं असतं, थोडे दिवस कळ काढ.”

“तेच मी स्वतःला रोज म्हणत होते.”

विश्वजीतसर अस्वस्थ झाले होते. “उत्कर्षा, ही जागा नाही याची. आपण सोमवारी ऑफिसात बोलू. आत्ता त्यांना सांग, तू थोडी इमोशनल झालीस, बाकी सगळं ठरल्याप्रमाणे आहे.”

“सर, ते मी नाही सांगणार.”

“तुझं काम आहे ते.”

“हो. पण हे नाही सांगणार.”

सरांनी स्वतःच इंग्रजीत मोरितासानांना काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, ती दमलीय वगैरे. मोरितासानांनी नम्रपणे हात वर करून त्यांना थांबवलं आणि उत्कर्षाला विचारलं, “हे घरच्यांना माहीत होतं?”

“नाही.”

मोरितासान सरळ बसले. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि राजस आणि सुशीलाबाईंच्या दिशेने वाकून ते बोलले. कपाळ जवळजवळ टेबलाला लागलं होतं. बारवरचे लोक वळून बघायला लागले.

“ते माफी मागताहेत,” उत्कर्षा म्हणाली. “म्हणताहेत, वर्षभर तुमची मुलगी रोज माझ्यासमोर होती आणि मला दिसलं नाही.”

सुशीलाबाईंनी भजं ताटलीत ठेवलं, रुमालाला बोटं पुसली. “त्यांना म्हणावं, त्यांनी कशाला मागायची. ते परके. आम्ही तर घरचे होतो.”

उत्कर्षाने ते शब्दाला शब्द सांगितलं. सांगता सांगता तिला रडू आलं, आणि तिने ते थांबवलं नाही. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. द्वारकाताईने न मागता चहा आणून ठेवला. कोणी न बोलल्याने काही कोसळलं नाही.

घरी परतताना राजस गाडी चालवत होता. येरवड्याच्या सिग्नलला सुशीलाबाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, “कुणाकुणाला सांगून बसलेय मी. आता सगळ्यांना फोन करायला हवेत.” सिग्नल सुटला. “करीन,” त्या म्हणाल्या.

पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. सरांनी तिला काढून टाकलं नाही, पण पाहुण्यांच्या बैठकांना तिच्याऐवजी स्पृहाला न्यायला लागले. स्पृहा तिच्याहून लहान, नवी लागलेली. जपानला जायलाही ती आनंदाने तयार झाली. उत्कर्षाने तिला बसवून सगळं खरं सांगितलं, खोलीसकट. स्पृहाने ऐकून घेतलं आणि आपण त्या गावात नाही, शहरात राहणार असं कळवून टाकलं. ते लगेच मान्यही झालं. असं नुसतं म्हणता येतं हे उत्कर्षाला तेव्हा सुचलंच नव्हतं. आता तिच्या स्वतःच्या वाट्याला यंत्रांच्या माहितीपुस्तकांची भाषांतरं आली. दिवसभर कोणाशी बोलणं नाही, नुसतं टाइप करायचं. तिला बोलायचं काम आवडायचं. ते गेल्याचं वाईट वाटलंच.

घरी राजस कामापुरतं बोलायचा. तो रागावला होता की लाजला होता हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायला धीर होत नव्हता. हॉलमधला तो फोटो सुशीलाबाईंनी एके दिवशी काढून ठेवला. तिथे त्यांनी दुसरं काही लावलं नाही. “भिंत रंगवायची आहेच,” एवढंच म्हणाल्या.

एका रविवारी दुपारी राजस म्हणाला, “चल, खडकवासल्याला जाऊन येऊ.” दोघं गेले. धरणाच्या कडेला नेहमीची गर्दी होती. त्याने दोन कणसं घेतली आणि ते जरा लांब जाऊन कठड्यावर बसले. दोघांनी कणसं खाल्ली.

मग त्याने विचारलं, “त्या दिवशी स्टेशनवर. मग काय केलंस?”

उत्कर्षाने हे कोणालाही सांगितलं नव्हतं. मोरितासानांनाही नाही.

“एक म्हातारी आली,” ती म्हणाली. “तिच्या हातात मुळ्यांची जुडी होती. तिने विचारलं, ही गाडी पुढच्या गावात थांबते का. मी म्हटलं, थांबते. ती म्हणाली, मला पाट्या नीट दिसत नाहीत, स्टेशन आलं की सांगशील का. म्हणून मी तिच्याबरोबर चढले.”

“आणि?”

“तिचं स्टेशन आलं, तिला सांगितलं. ती उतरली. मी कामावर गेले.”

राजसने हातातलं रिकामं कणीस बाजूला ठेवलं. त्याने तिचा हात धरला नाही, काही समजूतही घातली नाही. तो म्हणाला, “पहिल्यापासून सांग. विमानतळावरून गेलीस तिथपासून.”

उत्कर्षा सांगायला लागली.